‘निपाणी’ नीट उमटते काय?

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कागल मागे पडले, दूधगंगा ओलांडली, की थोड्याच वेळात निपाणी हे गाव लागते. तंबाखूच्या व्यापारासाठी नावाजलेल्या ह्या गावाचे नाव तेथील पाट्यांवर दोन लिप्यांत वाचावयास मिळते. देवनागरीत ते ‘निपाणी’ असे असते. कन्नडमध्ये ‘प’चे द्वित्व होऊन ‘निप्पाणि’ असे होते, आणि कन्नड लिपीच्या रिवाजाप्रमाणे दुसरा ‘प’ पहिल्याच्या पोटाखाली बसतो. पाटी रंगविणाऱ्याला ह्यात काही अवघड वाटत नाही. तो देवनागरीत आधी ऱ्हस्व वेलांटी काढतो, मग ‘न’ काढतो. तोंडाने मात्र आधी ‘न’ येतो आणि मागाहून ‘इ’. लिहिण्याचा क्रम एक आणि बोलण्याचा क्रम दुसरा, ही गोष्ट पहिलीच्या वर्गात एकदा हातवळणी पडली, की पुढे जन्मभर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

संगणकाचे तसे नाही. संगणक ‘निपाणी’ हा शब्द बोलण्याच्या क्रमाने साठवितो: आधी ‘न’, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ‘प’, मग काना. पडद्यावर दाखविताना ती वेलांटी उचलून ‘न’च्या अलीकडे आणून ठेवणे हे निराळे काम आहे, आणि ते करण्यासाठी निराळ्या आज्ञा लिहून ठेवलेल्या असतात. अशा आज्ञांच्या तयार संचाला त्या व्यवसायातील लोक ‘लायब्ररी’ म्हणतात. एकाने खपून लिहिलेले, तपासलेले आणि इतर कोणालाही आपल्या आज्ञावलीत जोडून घेता येईल असे ते भांडार असते. हे भांडार यंत्रात बसविलेले आहे काय, आणि बसविले असल्यास ते बरोबर काम करते काय, हे दोन प्रश्न एकच आहेत असे पुष्कळांना वाटते. ते एक नाहीत, आणि ते कसे नाहीत हे मराठी लिपीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते, तितके इतरत्र क्वचितच दिसत असेल.

हा इतिहास संगणकाच्या फार आधी सुरू होतो. इंग्लंडमधून आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले आणि त्यांनी तेथे मराठी आत्मसात केली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. ग्रंथ अस्सल मराठी ओव्यांचा, पण छापलेला रोमन अक्षरांत. ह्याचे कारण त्यांच्याच १६०८ च्या एका पत्रात सापडते. देशभाषेतील ग्रंथ देशी लिपीत छापलेले पाहावे, ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. पण युरोपात चोवीस साच्यांवर भागते, तेथे इकडच्या लिपीला सुमारे सहाशे साचे लागतील आणि तेवढे ओतविणे अशक्य दिसते, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले होते. ‘क्रिस्तपुराणा’च्या पुढील दोन आवृत्त्याही, १६४९ आणि १६५४ च्या, रोमन अक्षरांतच निघाल्या. भांडारच नसल्यामुळे आलेली ही अडचण होती. तीत निदान फसवणूक नव्हती. खिळे नाहीत हे सर्वांना दिसत होते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत खिळे झाले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने, जो १८६९ मध्ये निघाला, देवनागरी खिळ्यांना असे वळण दिले की त्या अक्षराची साक्ष आजही काढली जाते. त्या काळच्या जुळाऱ्याची एक सवय येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. नवे खिळे आले, की ते खणांत भरले म्हणजे काम संपले असे तो मानीत नसे. काही ओळी जुळवून, शाई लावून, एक मुद्रित काढून तो पाहत असे. रफार अक्षरावर नेमका बसतो काय, वेलांटीचा माथा पुढच्या अक्षराला घासतो काय, जोडाक्षराचा खालचा भाग तुटतो काय, हे खणात पडलेल्या खिळ्याकडे पाहून कळत नाही. ते कागदावरच कळते, आणि अक्षर कसे दिसावयास हवे हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच कळते.

हीच गोष्ट संगणकाच्या जगात प्रथम केंब्रिज येथे शिकावी लागली. तेथील एडसॅक ह्या यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालविली आणि वर्गसंख्यांचे एक कोष्टक छापून दिले. वर्गसंख्या कोणालाही पडताळून पाहता येतात. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न यंत्राला घालावा, हा शहाणपणा त्या पहिल्या दिवशीच दिसतो. तथापि थोड्याच दिवसांत यंत्राचे जनक मॉरिस विल्क्स ह्यांना, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, ह्याची जाणीव झाली. ती त्यांनी आपल्या आठवणींत नमूद करून ठेवली आहे. त्यावर उपाय म्हणून विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ह्यांनी वारंवार लागणाऱ्या कामांच्या उप-आज्ञावली एकदाच काळजीपूर्वक लिहून, छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर कपाटात ठेवण्याची पद्धत पाडली. ज्याला जी हवी ती फीत काढून त्याने आपल्या फितीवर तिची नक्कल करून घ्यावी. १९५१ पर्यंत अशा ८७ उप-आज्ञावली जमल्या, आणि त्यांत एक स्वतंत्र वर्ग केवळ तपासणीच्या उप-आज्ञावलींचा होता! आज ज्याला लायब्ररी म्हणतात तिचा हा उगम. भांडार भरण्याच्या वर्षांतच तपासणीचे खाते उघडावे लागले, हे विसरून चालत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफरॅक हे यंत्र १९६० मध्ये पूर्णपणे कामास लागले, आणि १९६४ मध्ये तेथे अमेरिकेहून मोठे यंत्र आले. तेव्हाचे काम आकड्यांचे होते. मराठी अक्षराचा तेथे संबंध नव्हता. तो आला कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. भारतीय लिप्यांची वळणे निरनिराळी असली तरी वर्णमालेची मांडणी एकच आहे, ह्या जुन्या सत्याचा त्यांनी उपयोग केला. देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ ह्यांना एकच क्रमांक द्यावा, आणि तो कोणत्या लिपीत दाखवावयाचा हे निराळे ठरवावे, अशी ही योजना होती. हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत गेले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ती पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोड ह्या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक लिपीला निराळे क्रमांक मिळाले. परंतु भारतीय लिप्यांची आतील मांडणी भारतीय पद्धतीवरूनच घेतलेली होती. त्यामुळे देवनागरीच्या आणि कन्नडच्या कोष्टकांत ‘न’, ‘प’, ‘ळ’ ही अक्षरे आजही अगदी समोरासमोरच्या घरांत राहतात. १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्या सीमाभागात ह्या दोन लिप्यांवरून इतका वाद झाला, तेथे यंत्राच्या पोटात त्यांचा शेजार असा आहे.

वर्तमानपत्रे आणि कचेऱ्या मात्र पुष्कळ वर्षे ह्या पद्धतींच्या बाहेरच राहिल्या. मराठीसाठी श्रीलिपी, आकृती असे संच वापरले जात आणि कर्नाटकच्या सरकारी कामात ‘नुडी’ वापरली जाई. ह्या संचांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देशी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. बेळगावात लिहिलेला मजकूर कोल्हापुरात उघडावा आणि तेथे तोच संच नसावा, म्हणजे पडद्यावर इंग्रजी अक्षरांची अर्थहीन जत्रा भरत असे. त्रास मोठा, पण त्यात एक प्रामाणिकपणा होता. संच बसविलेला नाही हे पाहताक्षणी समजे.

युनिकोड आल्यावर बिघाड अधिक सभ्य झाला. २००१ मध्ये निघालेल्या विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची व्यवस्था होती, परंतु ती आपोआप जागी होत नसे. एका आतल्या खिडकीत जाऊन चौकटीत खूण करावी लागे, आणि अनेकदा मूळ तबकडी घालावी लागे. ते केलेले नसेल आणि युनिकोडमधील एखादा टंक मात्र यंत्रात असेल, तर मराठी अक्षरे दिसत, पण वेलांटी आपल्या जागी जात नसे. ‘निपाणी’तील ऱ्हस्व वेलांटी ‘न’च्या पलीकडे उमटे आणि तिचा माथा ‘प’वर पडे. जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, त्या दिवसांत अनेक वाचकांना तो असाच दिसत असे. त्यावर विकिपीडियाने एक साधे पान केले. एका रकान्यात बरोबर अक्षराचे चित्र, शेजारच्या रकान्यात तेच अक्षर मजकूर म्हणून. दोन्ही सारखी दिसली तर तुमचे यंत्र ठीक. तपासणीच्या ज्या अनेक युक्त्या आजवर निघाल्या, त्यांत ह्या दोन रकान्यांइतकी सोपी आणि खात्रीची दुसरी दाखविणे कठीण आहे.

वेलांटीची चूक निदान डोळ्यांना खुपते. मराठीत एक चूक अशी आहे, की जी डोळ्यांना खुपत नाही आणि अर्थ मात्र बदलून टाकते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्या शब्दांतील भेद प्रत्येक मराठी शिक्षकाने फळ्यावर लिहून दाखविलेला असतो. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्यांत’ म्हटले तर समुद्र आणि ‘दऱ्यांत’ म्हटले तर सह्याद्री. हा जो पापणीसारखा आडवा ‘र’ आहे, तो ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ अशा गावांच्या व घराण्यांच्या नावांतही आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. म्हणून हिंदी वाचून समाधान मानणारा परीक्षक देवनागरी ठीक आहे असा निर्वाळा देईल, आणि मराठी माणसाचे आडनाव तरीही मोडलेले असेल.

युनिकोडमध्ये हा ‘र’ दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला निराळा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’ घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडखूण ठेवतात. ही दुसरी रीत १९९६ च्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून पुढेही चालू ठेवण्यात आली. कागदावर दोन्ही सारखीच उमटतात. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. एका रीतीने लिहिलेले ‘कुऱ्हाडे’ हे नाव दुसऱ्या रीतीने यादीत शोधले, तर साधा शोध ते नाव नाही असेच सांगेल. आणि एखाद्या दक्ष आज्ञावलीने मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य खुणा काढून टाकल्या, तर दऱ्यांचा दर्या होतो. लायब्ररी जागेवर असते, चालूही असते, कोणतीही तक्रार करीत नाही.

वेलांटी उचलणे, जोडाक्षर जुळविणे, रफार बसविणे हे काम आज बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. बेहदाद एस्फहबोद ह्या इराणी वंशाच्या तंत्रज्ञाने ती नव्याने घडविली. नावही फारसीतूनच आलेले आहे. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस हे सारे तिच्यावर अवलंबून आहेत. २०१२ च्या सुमारास तिच्या भारतीय लिप्यांच्या भागाची जी तपासणी झाली, ती ह्या विषयाच्या इतिहासात मानाने नोंदवावी अशी आहे. निरनिराळ्या भाषांच्या विकिपीडियांतून शब्द गोळा केले गेले आणि प्रत्येक शब्द हार्फबझला व मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब ह्या लायब्ररीला दिला गेला. दोघांची उत्तरे सारखी येतात काय, ते मोजण्यात आले. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द होते आणि कन्नडचे नऊ लाखांहून अधिक. न जुळणारे शब्द देवनागरीत शंभराच्या आत होते, कन्नडमध्ये काही शेकडे. प्रत्येक सुधारणेबरोबर हे आकडे पुन्हा लिहिले जात.

काम थोर खरेच. तरीही एक शंका उरते. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी ठरत नाही. दोघांची चूकही एक असू शकते. युनिस्क्राइब हे त्या वेळी माप मानले गेले, कारण लोकांचे टंक त्याच्यावरच पारखून तयार झाले होते. माप म्हणून हे व्यवहारात चालते. पण मराठी ‘ल’ आणि ‘श’ ह्यांचे वळण हिंदीहून निराळे असावे, असे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात सांगितले आहे. मजकुराची भाषा मराठी आहे असे स्पष्ट सांगितल्याखेरीज पुष्कळ टंक ते वळण देत नाहीत. आणि शब्दांच्या एवढ्या मोठ्या यादीतही न सापडणारे काही राहतेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवर तेलुगूतील ‘ज्ञा’ ह्या जोडाक्षराचा एक विशिष्ट प्रकार येताच आज्ञावल्या कोसळू लागल्या, आणि कंपनीला त्याच महिन्यात दुरुस्ती काढावी लागली. हार्फबझचा त्याच्याशी संबंध नव्हता. ती निराळी लायब्ररी होती. परंतु कोट्यवधी फोनांत ती बसविलेली होती आणि रोज चालत होती.

बेळगावात १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आज पायथन ही भाषा शिकावी लागते, आणि लायब्ररी बसविणे हा त्याचा पहिल्याच आठवड्यातील संस्कार असतो. यंत्र ‘यशस्वीपणे बसविली’ असे उत्तर देते आणि विद्यार्थी निर्धास्त होतो. येथे त्याला तीन ठेचा लागण्याचा संभव असतो. एकाच यंत्रात पायथनच्या दोन प्रती असतात. लायब्ररी एकीत बसते आणि आज्ञावली दुसरीत चालते. पुस्तक बेळगावच्या वाचनालयात जमा करून निपाणीच्या वाचनालयात मागावे, तसे हे होते. दुसरे असे, की बसविताना लायब्ररीचे नाव एक असते आणि बोलावताना दुसरे. चित्रांसाठीची ‘पिलो’ बोलावताना ‘पीआयएल’ होते. तिसरी गोष्ट आवृत्तीची. आवृत्तीचा क्रमांक छापून पाहणे चांगले, पण तो दारावरचा नामफलक आहे. घरात कोण आहे हे त्यावरून कळत नाही.

ह्या ‘पिलो’चीच कथा सांगण्यासारखी आहे, कारण तीत मराठी सरळ गुंतलेली आहे. प्रमाणपत्रांवर शेकडो नावे एकदम छापावयाची असली, तर ह्या लायब्ररीने चित्रावर अक्षरे काढता येतात. परंतु तिची मूळची मांडणी अक्षरामागून अक्षर ठेवीत जाते. तिला वेलांटी उचलता येत नाही. २०१७ मध्ये तिला ‘रक्म’ नावाच्या लायब्ररीची जोड मिळाली, आणि रक्म ते काम हार्फबझकडून करवून घेते. रक्म नसेल, तर पिलो मुकाट्याने आपल्या जुन्या मांडणीवर येते. चूक दाखवीत नाही, थांबत नाही, शेकडो प्रमाणपत्रे काढून देते, आणि त्या सर्वांवर ‘निपाणी’ मोडलेली असते.

आणखी एक गंमत. २०२१ पासून रक्म पिलोच्या सोबतच येऊ लागली, पण तिला आणखी एक सोबतीण लागे: फ्रिबिडी. तिचे काम उर्दू, अरबी, हिब्रू अशा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांची दिशा सांभाळणे. मराठीला तिची गरज नाही. तरी विंडोज यंत्रात ती वेगळी आणून ठेवली नसेल, तर रक्म जागी होत नसे. उर्दूची सोय झाल्यावाचून मराठी वेलांटी हलत नसे, असा हा न्याय! पिलोला ‘रक्म आहे काय’ असा प्रश्न विचारण्याची सोय आहे आणि ती होय किंवा नाही असे उत्तर देते. तो प्रश्न अवश्य विचारावा. पण ‘होय’ आले म्हणून लगेच छापावयास घेऊ नये. आधी एका कोऱ्या चित्रावर चार शब्द काढावे: ऱ्हस्व वेलांटीसाठी ‘निपाणी’, आडव्या ‘र’साठी ‘कऱ्हाड’, त्याच्या शेजारी साध्या रफाराचे ‘आचार्य’, आणि एखादे तीन व्यंजनांचे जोडाक्षर, जसे ‘स्वातंत्र्य’. टंकही तोच घ्यावा जो प्रत्यक्ष छपाईत वापरावयाचा आहे, आणि यंत्रही तेच. शिक्षकाच्या यंत्रावर बरोबर आलेले अक्षर कचेरीच्या यंत्रावर बरोबर येईलच असे नाही. शेजारी हाताने लिहिलेले तेच शब्द ठेवावे.

निपाणीसारख्या ठिकाणी पाचवा शब्द कन्नडमधला ‘निप्पाणि’ असावा लागतो. त्यात दुसरा ‘प’ पहिल्याच्या खाली गेला काय, की पाय मोडून शेजारीच उभा राहिला, हे पाहावयाचे असते. आणि ते पाहण्यासाठी बाकावरच्या कन्नड मुलाला हाक मारावी लागते.